जुन्या इंजिनघराचं ऊर्जाकेंद्र करताना: आधी छप्पर, मग भिंती, यंत्रं शेवटी

आमच्या कॉलेजच्या आवारात, विहिरीकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) कडेला, चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, एक उंच खोली आहे. सगळे तिला इंजिनघर म्हणतात. आतलं इंजिन धडधडताना ऐकलेला एकही माणूस आता नोकरीत उरलेला नाही. मी देखभाल विभागात आलो तेव्हा आत मोडकी बाकं होती, रंगाचे रिकामे डबे होते, लाकडी फळीवर बसवलेले चिनीमातीचे फ्यूज होते आणि त्यांच्या शेजारीच अख्ख्या आवाराला वीज देणारं चालू पॅनल होतं. पावसाळा आला की त्या पॅनलवर प्लास्टिकचा कागद टाकायचा आणि तो उडू नये म्हणून वर दोन विटा.

आज त्याच खोलीत मुख्य पॅनल, सौर इन्व्हर्टर (सौर पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र), वसतिगृहाच्या गरम पाण्याचा हीट पंप (हवेतल्या उष्णतेने पाणी तापवणारं यंत्र) आणि विहिरीच्या पंपांचं नियंत्रण आहे. कोकणात शाळा-कॉलेजांच्या, रुग्णालयांच्या, जुन्या संशोधन केंद्रांच्या आवारांत अशी पंपघरं, इंजिनघरं, बॉयलरच्या खोल्या खूप आहेत. बहुतेक ठिकाणी त्या पाडून शेजारी पत्र्याची शेड उभी करायचा बेत असतो. तो बेत ठरायच्या आधी हा लेख वाचावा, एवढ्यासाठी लिहितो आहे.

पाडू नका म्हणण्यामागे जुन्याचं कौतुक थोडं, हिशोब जास्त. इंजिनघर बांधणाऱ्यांपुढे एकच प्रश्न होता: आतली उष्णता बाहेर कशी टाकायची? म्हणून उंच आढं, आढ्याशी झरोके, जमिनीलगत गजांच्या खिडक्या. गार हवा खालून आत येते आणि तापलेली वरून निघून जाते. इन्व्हर्टरला आणि पॅनलला नेमकं हेच लागतं. आसपासचं तापमान ४५-५० अंशांवर गेलं की बरेचसे इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी वीज कमी देऊ लागतात. पत्र्याच्या बंद शेडमध्ये मे महिन्यात तेवढं तापमान सहज होतं, मग तिथे एसी बसतो आणि ऊर्जा वाचवायला बांधलेली खोली स्वतःच वीज खाऊ लागते.

वेळापत्रक नक्षत्रांवर बांधा

काम कधी काढायचं हे इथे पाऊस ठरवतो. आमचा अनुभव असा: मोजणी आणि कागदपत्रं पावसाळ्यात, छप्पर आणि भिंती दिवाळीनंतर, यंत्रं शिमग्यानंतर आणि मृग लागायच्या आत सगळं झाकून, तपासून तयार. चुन्याचं काम भर पावसात सुकत नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात तडकतं, त्यामुळे त्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने.

ठेकेदाराच्या वेळापत्रकात शिमग्याचे आठ-दहा दिवस कोरे ठेवा. त्या दिवसांत गवंडी, सुतार कुणीही मिळणार नाही, आणि मिळाला तर तो कोकणातला नाही एवढं समजा. गणपतीतही तेच, पण तेव्हा आपलं काम बंदच असतं.

पहिलं काम: मीटरसमोर एक रात्र

मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि तीन गोष्टी एका कागदावर लिहा: महिन्याचे युनिट, सर्वाधिक मागणी आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती कामी लागली त्याचं प्रमाण). बिल केडब्ल्यूएचऐवजी (नेहमीच्या युनिटांऐवजी) केव्हीएएचवर येत असेल तर पॉवर फॅक्टर खालावल्याचा भुर्दंड वेगळा दिसत नाही, तो युनिटांतच मुरलेला असतो. तेव्हा केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा.

बिलातून सगळं कळत नाही, म्हणून एक रात्र जागा. आम्ही दोघं, मी आणि आमचा वायरमन, परीक्षा संपून वसतिगृह रिकामं झाल्यावर रात्री एक वाजता पॅनलसमोर खुर्च्या टाकून बसलो. सगळे झोपलेले असताना मीटर जे दाखवतं तो आवाराचा पायाभूत भार. मग एकेक फीडर (आवाराच्या एकेका भागाला जाणारी वीजवाहिनी) बंद करायचा, आकडा किती उतरला ते लिहायचं, फीडर पुन्हा चालू. ग्रंथालयाचा फीडर, काही नाही. प्रयोगशाळेचा, फ्रीजएवढा. पाण्याचा फीडर काढला आणि काटा एकदम खाली आला. रात्री दीड वाजता पंप का चालू? टॉर्च घेऊन टेकडीवरच्या टाकीपाशी गेलो तर टाकी भरून वाहत होती आणि पाणी चिऱ्यांवरून शेवाळात मुरत चाललं होतं. तरंगता स्विच अडकलेला. किती महिने, देव जाणे. दुरुस्तीला एक स्विच आणि अर्धा तास लागला.

अशी एक रात्र कोणत्याही महागड्या अहवालापेक्षा जास्त शिकवते. अर्थात मोठं आवार असेल तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मान्यताप्राप्त ऊर्जा लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्याच, पण तो येईल तेव्हा हा कागद तुमच्या हातात असू द्या.

त्यानंतर प्रत्येक फीडरवर एक डिजिटल ऊर्जामीटर बसवा. त्याशिवाय पुढे काय वाचलं ते कधीच सिद्ध करता येत नाही.

यंत्र घ्यायच्या आधी मागणी कमी करा

हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही, कारण पंखे बदलण्याचं उद्घाटन होत नाही.

साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा ३० वॅटच्या. वसतिगृहात २०० पंखे दिवसाला १२ तास फिरत असतील तर फरक रोजचा १०८ युनिटांचा. एवढी वीज सौर पॅनलमधून मिळवायची तर २५ किलोवॅटच्या पुढे जावं लागेल. म्हणजे आधी पंखे, मग सौर. उलट केलंत तर जी वीज लागायलाच नको होती तिच्यासाठी पॅनल घेतलेत असं होतं.

पंपाचं गणित कागदावर करून पाहा, फार अवघड नाही. एक लाख लिटर पाणी ३० मीटर उंच चढवायला निसर्गनियमाने सुमारे ८.२ युनिट लागतात. पंप आणि मोटर मिळून ५५ टक्के कार्यक्षम असतील तर मीटरवर १५ युनिट पडतील. झिजलेला, गरजेपेक्षा मोठा, मोटरची तार दोनदा नव्याने गुंडाळलेला जुना पंपसेट ३० टक्क्यांवर चालत असेल तर २७. टाकीची पातळी मोजून, घड्याळ लावून, मीटर वाचून तुमचा पंप कुठे बसतो ते अर्ध्या दिवसात कळतं.

इथे एक इशारा. पंप म्हटलं की विक्रेते व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) पुढे करतात आणि वेग ८० टक्के केला की वीज निम्म्यावर येते असं सांगतात. पाणी एका पातळीवर नळांतून फिरवायचं असेल तर ते जवळपास खरं आहे. पण कोकणातलं आवार म्हणजे विहीर खाली आणि टाकी टेकडीवर. इथे जोर घर्षणापेक्षा उंचीवर जातो, आणि उंची काही वेग कमी केल्याने घटत नाही. वेग फार उतरवला तर पंप फिरत राहतो आणि पाणी वर पोचतच नाही. आपल्याकडे व्हीएफडीपेक्षा योग्य मापाचा पंप आणि आयई ३ दर्जाची (जास्त कार्यक्षम) मोटर जास्त कामाची.

परवानग्या

थोडक्यात: इमारत वारसा यादीत किंवा राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित यादीत आहे का ते पाहा. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग यांसारख्या किल्ल्यांच्या समोरच्या गावांत हे विसरून चालत नाही. समुद्र-खाडीलगत असाल तर सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) रेषा तपासा. विजेच्या कामाला परवानाधारक ठेकेदार, विद्युत निरीक्षकाची मंजुरी आणि सौर जोडणीसाठी महावितरणकडे नेट मीटरिंगचा अर्ज. हे सगळं जूनमध्ये सुरू केलंत तर दिवाळीपर्यंत हातात येतं.

छप्पर

कौलं उतरवायच्या आधी खालून फोटो काढा, वाशांना खडूने नंबर घाला. मग एखादं कौल उलटं करून शिक्का वाचा. मंगळुरात बेसल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला आणि त्यानंतर तशी कौलं बंदरांमार्गे साऱ्या किनाऱ्यावर पसरली. शिक्क्यावरून छपराच्या वयाचा अंदाज येतो, पण खात्री धरू नका. कौलं एका घरावरून दुसऱ्या घरावर जाणं ही इथली जुनी रीत आहे.

प्रत्येक कौल बोटाच्या पेराने ठोकून पाहा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर बाजूला. वासे टोचणीने तपासायचे, विशेषतः भिंतीत शिरणारी टोकं आणि वळचणीकडची बाजू, कारण वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते. नवा वासा घालायचा तर ऐन किंवा किंजळ, परवडत असेल तर साग. लाकडाला बोरॅक्स-बोरिकचं पाणी आधी, आणि भिंतीत जाणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल. होड्यांना लावतात तेच. ते कातडीवर पडलं की भाजतं, हातमोजे घालूनच लावा.

कौलांखाली उष्णता परतवणारा थर द्यायचा असेल तर रिपांना चिकटवू नका, मध्ये दोन-तीन इंच मोकळी हवा राहू द्या आणि आढ्याचा झरोका उघडा ठेवा. आमच्या इमारतीत पूर्वी कुणीतरी झडीचा पाऊस येतो म्हणून झरोके सिमेंटच्या ठोकळ्यांनी बुजवले होते आणि खाली खोटं छत मारलं होतं. छत काढलं तेव्हा वरून वटवाघळांच्या लेंड्यांची पोतीभर माती निघाली. झरोके पुन्हा उघडून त्यांना तिरप्या लाकडी झडपा आणि आतून बारीक जाळी लावली. झड अडते, हवा जाते.

पन्हळीचं माप कंजूषपणे घेऊ नका. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण पन्हळ भरते ती वर्षाच्या पावसाने नाही, एका तासाच्या सरीने. १०० चौरस मीटर छपरावर तासाला १०० मिलिमीटर पडला तर १०,००० लिटर पाणी. दोन उभ्या नळांनी ते निघालं पाहिजे.

या छपरावर सौर पॅनल बसवायचा मोह होतो. दक्षिणेकडे उतार, मोकळी जागा. तरीही नको. कौलं दरवर्षी परतावी लागतात, पॅनलखाली ती हात घालून बदलता येत नाहीत, आणि वाऱ्याचा उचलणारा जोर जुन्या वाशांवर येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत पत्रे कसे उडाले ते आपण पाहिलं आहे. पॅनल वसतिगृहाच्या स्लॅबवर किंवा मोकळ्या कातळावर घाला. इंजिनघरात फक्त इन्व्हर्टर.

भिंती: सिमेंट काढा, चुना भरा

या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सत्तरीच्या एका गवंड्याने. भिंतीचा खालचा तीन फूट भाग कधीतरी सिमेंटने गिलावलेला होता आणि तो फुगून पापड्यांसारखा निघत होता. मी म्हटलं, काका, नवा सिमेंटचा गिलावा घालू, यात वॉटरप्रूफ टाकू. त्यांनी पापडी नखाने काढली, मागचा ओला चिरा दाखवला आणि म्हणाले, “सायबानू, सिमिट पाण्याक भितर घेता, पन भायर सोडणा नाय.”

त्याचं शास्त्र असं. जांभा सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल त्यात वर चढते आणि बाहेरच्या अंगाने हवेत निघून जाते. सिमेंटचा घट्ट लेप मारला की ओलीला वाट उरत नाही, ती आणखी वर चढते. सोबत खाऱ्या वाऱ्याने आणलेलं मीठ असतंच. ओल सुकते तिथे मिठाचे स्फटिक होतात, ते फुगतात आणि चिऱ्याचा पृष्ठभाग भुसभुशीत होऊन गळतो. खार फुटणं म्हणतात ते हेच.

म्हणून आधी सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीने काढा. ब्रेकर लावाल तर गिलाव्याबरोबर चिऱ्याचं तोंडही येईल. दरजांमधला कुजका मसाला इंचभर खोल खरवडा. खार जास्त असेल तर कागदाचा लगदा आणि माती पाण्यात कालवून भिंतीला थापा, वाळली की काढून लांब टाका, पुन्हा थापा. दोन-तीन वेळा केलं की बरंच मीठ लगद्यात उतरतं.

मग चुना. बाजारात मिळणारा पुडीतला चुना बरेचदा शिळा असतो, हवा लागून त्याचा जोर गेलेला. कळीचा चुना आणून हौदात विझवा, चाळा आणि पाण्याखाली महिनाभर तरी मुरू द्या. विझवताना पाणी उकळतं, उडतं. डोळ्यांना चष्मा हवाच. मसाला साधारण एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग वाळू. वाळू कुठून आली ते विचारा. आमचे काका चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून थुंकत आणि दोन ट्रक त्यांनी परत पाठवले, खारट होत्या. ज्यांना जिभेवर विश्वास नाही त्यांनी प्रयोगशाळेत क्लोराइड तपासावं.

दरजा भरण्याआधी भिंत ओली करा, भरल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट टांगा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, त्याला घाई चालत नाही. वरून चुन्याचीच सफेदी. प्लास्टिक रंग नको, तो सिमेंटचाच धाकटा भाऊ.

जमीन आणि पूर

जुन्या इंजिनघराची जमीन डिझेल-तेलाने माखलेली असते. भुसा आणि चुन्याची पूड पसरून तेल शोषून घ्या, मुरलेला थर खणून काढा. जुनं तेल गटारात नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकृत पुनर्प्रक्रियाकाकडे. जुना ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन आहे का ते तपासून मगच हलवा. अॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर तोडू नका. ओले करून, मुखवटा लावून, अख्खे उतरवा.

इंजिनाचा चौथरा मात्र फोडू नका. आमचा दोन फूट उंच काँक्रीटचा ठोकळा पाडायचा खर्च ठेकेदाराने लावला होता. आम्ही त्यावरच मुख्य पॅनल उभं केलं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं त्यानंतर कोकणात पॅनल जमिनीवर ठेवणं याला निष्काळजीपणाच म्हणावं लागेल. गावात माहीत असलेली पुराची सर्वांत वरची खूण शोधा, तिच्यावर दोन फूट, तिथे पॅनलचा तळ.

आता यंत्रं

गरम पाण्याचा हिशोब आधी. १०० मुलींना प्रत्येकी २० लिटर, म्हणजे २,००० लिटर पाणी २७ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायचं तर ६५ युनिट उष्णता लागते. गीझर तेवढीच वीज घेतो. हीट पंप हवेतली उष्णता पाण्यात ढकलतो, त्यामुळे एक युनिट विजेत साडेतीन युनिटांचं काम होतं आणि रोज साधारण १९ युनिटांत भागतं. कोकणची उबदार, दमट हवा त्याला मानवते.

हीट पंप बाहेर अंगणात न ठेवता इंजिनघरात ठेवण्याचं एक कारण आहे. इन्व्हर्टर आणि पॅनलमधून निघणारी गरम हवा वर आढ्याकडे जमते. हीट पंपाची हवा ओढण्याची बाजू तिथून नळीने घेतली की टाकाऊ उष्णता पाण्यात जाते आणि खोलीही थंड राहते. शिवाय हीट पंपाच्या, हवेतली उष्णता घेणाऱ्या धातूच्या पत्तीला थेट खारा वारा लागत नाही. तरीही इपॉक्सी लेप असलेल्याच पत्त्या मागा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बरेचदा किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे टाकी घेण्याआधी पीएच मोजा आणि आतला अॅनोड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी दांडी) दरवर्षी बघा. आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांवर न्या, नाहीतर टाकीत जंतू वाढतात.

सौर पॅनल: सिंधुदुर्गात दक्षिणेकडे १५-१६ अंशांचा कल. उन्हाळ्यात एका किलोवॅटमागे दिवसाला चार-साडेचार युनिट मिळतात, जुलैत त्याहून बरेच कमी. वर्षाची सरासरी सांगून कुणी विकत असेल तर जुलैचा आकडा वेगळा विचारा. सड्यावर (कातळाच्या माळावर) जानेवारीपासून लाल धूळ बसते, तेव्हा पंधरवड्याला पॅनल धुवावे लागतात. आणि शेजारच्या हापूसची सावली दुपारी दोनला कुठवर येते ते डिसेंबरात उभं राहून बघा, कारण झाड तोडायला बागायतदार तयार होणार नाही, आणि होऊही नये.

बॅटरी लाकडी छपराखाली नको. हे मी ठामपणे सांगतो. आमची बॅटरी इंजिनघराच्या मागे, स्लॅब असलेल्या जुन्या तेलाच्या कोठीत आहे, मध्ये चिऱ्याची अख्खी भिंत. जनरेटर ठेवायचाच असेल तर लहान ठेवा. चांगल्या भारावर तो लिटरला तीन-साडेतीन युनिट देतो; मोठा जनरेटर चार दिव्यांसाठी चालवलात तर तेवढेही नाही, वर इंजिन काजळीने भरतं.

खारं वारं आणि कातळ

पॅनलची पेटी आयपी ५५ (धूळ-पाणी अडवणारी), आत ओल धरू नये म्हणून छोटा हीटर, तांब्याच्या पट्ट्या (बसबार) कथिल चढवलेल्या. बाहेरचे नटबोल्ट एसएस ३१६, ३०४ इथे दोन पावसाळ्यांत तांबूस होतो. अॅल्युमिनियम केबल आणि तांब्याची पट्टी थेट जोडू नका, मध्ये द्विधातू लग (दोन धातूंचं जोडटोक). केबलची भोकं ग्लँडने (केबलभोवती आवळणाऱ्या बुचाने) बंद. हे मीठ अडवण्यासाठी आहे तितकंच पालींसाठी. बसबारमध्ये शिरलेली एक पाल अख्ख्या आवाराचा अंधार करते. इन्व्हर्टरच्या झडपांमध्ये कुंभारमाशी मातीची घरटी करते, ती दर महिन्याला ब्रशने काढायची.

अर्थिंग हा कातळावरचा खरा त्रास. सळी दोन फुटांवर अडते. मग उभ्या सळीचा हट्ट सोडून विहिरीच्या बाजूच्या मातीत आडवा चर खणा, तांब्याची किंवा जस्त चढवलेली पट्टी बेंटोनाइटमध्ये (ओल धरणाऱ्या मातीत) पुरा. आयएस ३०४३ मध्ये याची रीत दिली आहे. रोध मोजायचा तो मे महिन्यात. पावसात कोणतंही अर्थिंग पास होतं, आणि वीज तर वळवाच्या पावसात, जमीन सुकी असतानाच कडाडते.

पहिला पावसाळा

मृगाआधी दोन दिवस सगळं चालू झालं. मी खूश होतो. जुलैत एका सकाळी वायरमन धावत आला: पॅनलला घाम फुटलाय. खरंच, पत्र्यावरून थेंब ओघळत होते. छप्पर गळत नव्हतं. हीट पंप हवेतली उष्णता काढून घेतल्यावर १८-२० अंशांची गार हवा सोडतो आणि ती मी, खोली थंड राहील म्हणून, पॅनलच्या दिशेने वळवली होती. कोकणच्या जुलैत २७ अंशांच्या दमट हवेचा दवबिंदू २५ च्या आसपास असतो. गार झालेल्या पत्र्यावर दव पडणारच. चूक माझीच होती, आराखडा मीच काढला होता.

त्याच दिवशी हीट पंप थांबवला, पॅनल सुकवलं, इन्सुलेशन मेगरने (त्याचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासलं. मग गार हवेची नळी खालच्या खिडकीतून बाहेर काढली आणि तिच्यातून ठिबकणारं पाणी पाखाडीच्या कडेच्या गटारात सोडलं. हीट पंप सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेवर लावला, कारण तेव्हा सौर वीजही असते आणि हवाही सर्वांत गरम. त्या खिडकीखाली चिऱ्याचा एक कट्टा आहे. मे महिन्यात दुपारी जेवणानंतर पहारेकरी, शिपाई आणि खानावळीचा आचारी तिथे येऊन बसतात. मागच्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी दोन दिवस पंप बंद ठेवला, तर पहिली तक्रार वसतिगृहातून नाही, कट्ट्यावरून आली.